आईंना मी गावाकडे नेऊ दिलं नाही

आज सासूबाईंच्या मयतीत मी भांडले.

सगळ्यांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात. सुनेनं असं बोलायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी बोलले.

पहाटे आई गेल्या. झोपेतच.
ऊन वर येईपर्यंत सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून गाडी आली. नवऱ्याचे चुलते उतरले आणि म्हणाले, "चला, उचला. माती गावात करू."

विशाल, माझा नवरा, हो म्हणायच्या बेतात होता. मी मध्ये उभी राहिले.

पोस्टबिस्ट टाकायची मला सवय नाही. पण सकाळपासून नातेवाइकांचे मेसेज येतायत, म्हणून एकदाच लिहिते.

मला हिंगोलीत नर्सची नोकरी लागली, म्हणून आम्ही दोघं इथे आलो. सासरे गेल्यावर आईंनाही आणलं. सगळे म्हणाले, म्हातारीचा जीव शहरात रमायचा नाही.

आल्या त्याच दिवशी आईंनी मला सांगून टाकलं, "मी काय पाहुणी म्हणून आले न्हाई. ऱ्हायला आले."

तर हिंगोली काही स्वर्ग नाही.
आई आल्यावर मोठी जागा शोधत होतो, तेव्हा आडनाव ऐकून "खोली कालच दिली" म्हणणारे इथेही भेटले. मी ड्युटीवरून थकून यायचे, त्यात हे. रडकुंडीला यायचे.

आई म्हणायच्या, "काहून रडून राहिली? दुसरं दार बघ. येवढं मोठं गाव हाय."

शेवटी हे घर मिळालं.

गावात आईंची म्हैस होती. तिचं दूध डेअरीत सगळ्यांच्या दुधात मिसळायचं, ते चालायचं.
ताक मात्र कुणाला चालायचं नाही.

आमच्याकडे ताक विकत नाहीत. मागेल त्याला फुकट देतात. पण आईंच्या दारात बौद्ध वस्तीबाहेरचं भांडं कधीच आलं नाही.

इथे त्यांनी पिशवीच्या दुधाची साय साठवून लोणी काढलं, आणि उरलेलं ताक किटलीत घेऊन थेट समोरच्या घरी गेल्या. मी आमच्या गेटपाशी उभी.

कुलकर्णी काकूंनी दार उघडलं. किटली बघून म्हणाल्या, "कसं दिलं मावशी?"

ताकवाली समजल्या आईंना. माझं डोकंच फिरलं.

आई शांतपणे म्हणाल्या, "पैशाचं न्हाई वो. घरचं हाय. समोरच ऱ्हातो आमी. बौद्धाचं घर हाय आमचं."

काकू म्हणाल्या,
"अगोबाई, मला वाटलं विकायला आणलंय. थांबा, पातेलं आणते."

घरी आल्यावर मी धुसफुसत होते. त्यांनी तुम्हाला ताकवाली समजावं म्हणजे काय, असं म्हणाले.

आई हसत होत्या. "समजू दे की. इकत घ्यायला तयार व्हती ती. म्हंजी प्यायला तयार व्हती. अन् घर सांगितलं तरी पातेलं आनलं तिनं."

आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन पुन्हा निघाल्या. विरजण मागायला.

"आई, घरात दही आहे."

"हाय ना. पर नुसतं देऊन काय व्हतं? त्यायचं बी आपल्या घरात याया पायजे."

असं मागून मागून त्यांनी अख्खी गल्ली आपलीशी केली. एका घराने मात्र कधी दार उघडलं नाही. त्या घरापुढून जाताना आई मुद्दाम जोरात खाकरायच्या.

पुढे कुलकर्णी काका वारले. विशाल स्मशानात जाऊन आला, आंघोळ करून बसला. आईंनी त्याला विचारलं,

"आपल्या मानसाला बी तिथंच नेतेत का रे?"
"व्हय. समद्यायला तिथंच."

आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, मला बी तिथंच न्यायचं. ह्यो इसरन. तू इसरू नको."

नाही विसरले, आई.

आज विशालच्या काकांना मी विचारलं, "गावात त्यांना कुठे नेणार?"
"आपल्या जागंत. आनखी कुठं?"
"ती जागा कुठे आहे, ते सगळ्यांसमोर सांगा."


ती जागा ओढ्यापलीकडे आहे, गावाच्या स्मशानापासून लांब. ओढ्याला पाणी असलं की तिरडी पाण्यातून न्यावी लागते. काकांनी त्यांच्या वडिलांना तसंच नेलं होतं.

विशाल उठला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

मग काका ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बाजूला घे बाबा. हितंच करू."

मीही स्मशानात गेले. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं.
शेजारच्या ओट्यावर सकाळीच कुणाला तरी अग्नी दिलेला होता. राख अजून धुमसत होती. कुणाच्या घरचं माणूस, कोणत्या समाजाचं, आम्हाला माहीत नव्हतं.

आईंना त्याच्याच शेजारी ठेवलं. कुणी काही विचारलं नाही.

आई, निवांत जा.
जय भीम.