घड्याळाखालून मारलेली हाक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, अंगात येणाऱ्या बायकांना तोंडावर सुनावलं, आणि असे अनुभव वाचून ‘लोकांना दुसरे उद्योग नाहीत’ असंही म्हणून झालं. आता मीच लिहायला बसले आहे... कारण घरात कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही.

आम्ही मंगरूळपीरचे. हे – म्हणजे माझे मिस्टर – बसस्टँडवर कंट्रोलर होते. मूळ गाव इंझोरी. दोन वर्षांपूर्वी यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग एक दिवस आमच्याच गल्लीत उभं राहून किराणावाल्याला विचारलं, “आमचं घर कोन्तं हाय?” डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, यांना एकटं सोडू नका. पुण्याची आमची मुलगी वृषाली म्हणाली, बाबांना कळतंय तोवर त्यांना जग दाखवू. आणि तिने आम्हाला एका मराठी ग्रुपबरोबर क्रूझवर पाठवलं.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. मी यांचं नाव घेत नाही. शिकलेली असून? हो, असून. फॉर्मवर शेकडो वेळा लिहिलं असेल, पण तोंडाने लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. ‘अवो’ म्हटलं की माझं भागतं. शाळेतल्या तरुण मॅडम चिडवायच्या. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात, सासू करायची तसं मी केलं, आणि मग जीभच वळेना.

चिवितावेक्किया हे इटलीतलं जुनं बंदर. सकाळी जहाज लागलं. ग्रुप बसने रोमला गेला, पण यांचे गुडघे तेवढं चालण्याचे नव्हते, म्हणून आम्ही दोघंच गावात थांबलो. साडेचारच्या आत जहाजावर परत यायचं होतं. बंदराला लागूनच मोठा दगडी किल्ला आहे. त्याच्यासमोरच्या बाकावर यांना बसवलं आणि म्हटलं, “इथून हलू नका, मी एक चक्कर मारून येतो.”

“मी काय लहान आहो काय? जाय तू,” हे म्हणाले.

दहा मिनिटं म्हणून गेले. किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला फोटोच्या नादात अर्धा तास झाला. परत आले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि बाक रिकामा होता. डॉक्टरांनी एवढं बजावून सांगितलं होतं, आणि मी फोटो काढत बसले. ते मला कधी विसरता येणार नाही.

रोमिंगचा पॅक यांच्याच फोनवर होता. बंदराच्या गेटवर एक पोलीस बाई होती, तिने तिच्या फोनवरून यांचा नंबर लावला. बंद. तिने खुणेने नाव विचारलं, तर मी पर्समधून पेन काढून तिच्या वहीत लिहून दिलं. “सेश... राओ?” तिने वाचून विचारलं आणि मी नुसती मान हलवली. नवरा हरवलाय, आणि ही बाई नाव लिहून देते. आता स्वतःचाच संताप येतो.

मग नुसती वणवण. मासळीबाजार, चर्च, रेल्वे स्टेशन, पुन्हा बाक, पुन्हा स्टेशन. मोबाईलमधला यांचा फोटो दिसेल त्याला दाखवत होते. लोक चांगले होते, पण ‘नाही’ एवढंच सगळ्यांचं उत्तर. उन्हात तोंडाला कोरड पडली होती. यांची बीपीची गोळी माझ्या पर्समध्ये होती. बंदरातल्या खोल पाण्याकडे बघायचं मी टाळत होते.

चार वाजता मी जहाजाकडे जाणाऱ्या शटल बसच्या थांब्यावर येऊन उभी राहिले. तिथे खांबावर एक गोल घड्याळ होतं. चार दहा झाले. बसमधून लोक हसत-खिदळत जहाजाकडे चालले होते. यांच्याशिवाय मी काही चढणार नव्हते, तेवढं ठरलं होतं. पण मुलीला काय सांगू? तुझ्या बाबांना मी परक्या गावात टाकलं, असं सांगू? आणि तोंडातून निघालं –

“शेषराव... अवो शेषराव... मी इथं घड्याळाखाली उभी आहो. लवकर या, जहाज चाललं...”

तीनदा ओरडले. तिसऱ्यांदा आवाजच फुटेना, घसा बसला. मी खांबाला धरून रडत राहिले.

पंधरा मिनिटांनी हे समोरच्या गल्लीतून चालत आले. शर्ट घामाने भिजलेला, आणि वर माझ्यावरच चिडलेले. “सकाळपासून घड्याळ शोधून राह्यलो. लोकायले मनगट दाखवलं का ते मले टाइम सांगत.” भर रस्त्यात मी यांच्या शर्टाला धरून रडले. जहाजावर आम्ही अगदी शेवटी चढलो.

केबिनमध्ये यांना पाणी दिलं, गोळी दिली आणि विचारलं, बाकावरून उठलात कायले?

“तूच त हाक मारली. पयल्या दोन हाकेले ओ नाही देल्ली. तीन डाव मारली, मंग उठलो.”

इंझोरीत लहानपणी यांना तसंच शिकवलं होतं. ऊन डोक्यावर असताना हाक आली तर पहिल्या दोन हाकांना उठायचं नाही, तिसरी आली तरच माणसाची समजायची. मी म्हटलं, आजार आहे, चार वाजताची हाक सकाळच्या खात्यात गेली असेल. आणि यांचे पाय दाबत बसले.

मग जहाजाचं वायफाय जोडलं, तर वृषालीचा मेसेज होता. ‘आई, घसा बरा आहे का? आणि तू बाबांना नावाने कधीपासून हाक मारायला लागलीस?’ खाली, यांनी तिला पाठवलेला व्हॉइस मेसेज तिने मला पुढे धाडला होता. बॅटरी संपण्याआधीचा.

“वृषू, तुही माय मले नावानं हाक मारून राह्यली. म्हन्ते घड्याळाखाली उभी आहो, लवकर या, जहाज चाललं. घसा बसला तिचा, रडून राह्यली. पाहून येतो.”

तिला विचारलं, तर तिच्याकडे तो भारतातल्या दुपारी दोन चाळीसला आला होता. म्हणजे तिथले सकाळचे अकरा दहा. मी कागदावर चारदा हिशोब केला. मोबाईलची वेळ चुकली म्हणावं, तर वृषालीने तो मेसेज तिकडे तीनच्या आत ऐकून जावयांना ऐकवलाही होता. अकरा दहाला माझा घसा ठणठणीत होता. ते घड्याळ तेव्हा मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मी हाक मारली नसती तर हे बाकावरून उठले नसते. हे उठले नसते तर मी हाक मारली नसती. विज्ञानाची मास्तरीण आहे मी, पण यातून बाहेर यायची वाट मला सापडलेली नाही. मुलगी म्हणते, योगायोग. मी तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण गेला मंगळवार. दुपारी मी ओसरीवर तूर निवडत होते, हे समोर खुर्चीत बसले होते. एकदम मान वर करून फाटकाकडे बघायला लागले. “काहून इतकी रडून राह्यली? आलो न,” म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

मी यांच्या समोर, हातभर अंतरावर बसले होते. मी हाक मारलेली नव्हती.

सूप बाजूला टाकून मी यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, “अवो, नीट आयका. कुठं उभी आहो म्हन्ते मी?” निदान जागा कळली तर आधीच तिथे जाऊन बसेन, एवढंच डोक्यात होतं.

यांनी फाटकाकडे कान दिला.

“या डावी ते सांगून नाही राह्यली,” हे म्हणाले. “निस्तं नाव घेऊन राह्यली.”