चपट्या केलेल्या नळ्या

चर्चच्या चिटणीसांनी मला फसवलं आणि माझ्या हातून मार्थाबाईंना. आज डोणगावच्या माझ्या भंगार दुकानात शिसं वितळत होतं. त्या वासाने मला वीस वर्षं मागे नेलं.

"ऑर्गन मेला हाये, वाजवणारं कोणी नाही," चिटणीस म्हणाले होते. तो भंगारात घ्यायला मी तासभर घासाघीस केली आणि सौदा जिंकलो म्हणून खूश झालो. पोकळ माल आम्ही वजनाआधी चपटा करतो, आत माती लपवलेली नसावी म्हणून. चर्चच्या अंगणात मी ऑर्गनच्या उंच, राखाडी शिशाच्या नळ्या ठोकत होतो; भात्याची हवा त्यांतूनच सूर काढते. नरम धातू लगेच दबत होता.

तेवढ्यात मार्थाबाई आल्या. दर रविवारी ऑर्गन त्याच वाजवत. हातात चामड्याची गुंडाळी होती.

"काऊन ठोकून राह्यला बाबा? नुसता भाता फाटला होता. मी चामडं आणाले गेली होती."

त्यांनी उरलेली एक बारीक नळी उचलून फुंकली. ती स्वच्छ वाजली. मी हातोडा खाली ठेवला.

नंतर मी कितीतरी कारागिरांचे पाय धरले. चपटी नळी पुन्हा वाजत नाही, असंच सगळे म्हणाले. मार्थाबाई आता अंथरुणावर आहेत. त्या चामडं आणायला गेल्याचं चिटणीसांना ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. मग मला नेमकं त्याच दिवशी का बोलावलं? चिटणीसांनी ते बाईंच्या खाटेशी येऊन सांगावं, बाईंना ऐकू येतंय तोवर.