वीराला पाणी

वारं येणं, अंगात येणं याला मी कायम नाटकं म्हणत आलो. आजही म्हणतो. मी तांबट माणूस, दिवसभर हातोडा मारणाऱ्याला असल्या भानगडींना वेळ नसतो. पण एक अनुभव सांगतो, पटलं तर घ्या.

साल एकतीस-बत्तीस असेल. आमचं घर नाशकात, तांबट आळीत. थोरला भाऊ सखारामदादा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे पडला. सरकारने शौर्याचं मेडल पाठवलं. काय केलं, कसा गेला... काही कळवलं नाही. वहिनीने मेडलला हात लावला नाही. "माणूस दाखवा, मग बोला," म्हणायची आणि कुंकू लावायची. इतकी वर्षं! आम्हाला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

आमच्याकडे लढाईत पडलेल्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात. धुळवडीला तो वीर वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेऊन न्हाऊ घालायचा. आईने हट्टच धरला — मी मरायच्या आत माझ्या पोराला गंगा दाखवा. शेवटी टाक केला. वहिनी त्या दिवशी चुलीपुढून उठली नाही.

धुळवडीला गंगेवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मी टाक न्हाऊ घातला, लाल फडक्यात गुंडाळून कमरेला खोचला. आता सरळ घरी जायचं... तर मी तांब्या भरून घेतला. का, ते ठाऊक नाही. उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. डाव्या हातात तांब्या धरून मी पायऱ्यांवरून चक्क सरपटत निघालो. लोक म्हणाले, वारं आलं. कसलं वारं — मी पूर्ण शुद्धीवर होतो, लाजेने मेलो होतो, पण पाठ काही सरळ होईना.

वरच्या पायरीवर एक अनोळखी लंगडा माणूस बसला होता, शेजारी कुबडी. मी तांब्या थेट त्याच्या तोंडाला लावला. तो प्यायला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "सखाराम, आता ताठ उभा ऱ्हा गड्या. गोळ्या थांबल्यात."

आणि मी उभा राहिलो. हातही हलायला लागला.

माणूस कळवणकडचा, दादाच्या पलटणीतला. धुळवड बघायला आलेला. आमचं घर नाशकात आहे हेही त्याला माहीत नव्हतं. त्याला घरी आणला. त्याने वहिनीला सगळं सांगितलं — जखमी उघड्यावर तडफडत होते, वरून गोळ्या, आणि दादा नदीवरून सरपटत पाणी आणत होता. उजव्या हाताला गोळी लागली तर डाव्याने आणलं. शेवटचं पाणी याला पाजलं आणि तिथेच पडला.

वहिनीने एकच विचारलं, "आमच्या ह्यांना मिळालं का पाणी?"

तो खाली बघत म्हणाला, "नाय, माय."

वहिनी उठली. पदराने कुंकू पुसलं. माझ्याकडून टाक मागून घेतला, त्यावर तांब्यातल्या पाण्याची धार धरली आणि म्हणाली, "घ्या. प्या." घरातली सगळी रडली, माझ्यासकट.

चेहरेपट्टी सारखी म्हणून त्याने ओळखलं असेल — मान्य. पण ते सरपटणं? तो हात? ते मला कोणी सांगितलं होतं? पुष्कळ तर्क करून पाहिले... जमत नाही. वहिनी होती तोवर दर धुळवडीला टाकाला पहिलं पाणी तिच्या हातचं. मग मी तो घेऊन गंगेवर जायचो.