चिमिगाकची शेड

अगाफिया शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीला ‘अहो’ म्हणायची, आणि दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या, कुस्कोक्विम नदीच्या काठावरच्या त्या गावात कुणाला त्याचं नवल वाटत नसे. अगाफियाचा नवरा गेला त्याच हिवाळ्यात ही मुलगी जन्मली. गेलेल्याचं नाव नव्या बाळाला द्यायच्या तिथल्या रीतीने त्याचं चिमिगाक हे नाव तिला मिळालं, आणि नावाबरोबर तोही आला. माणूस परत आला होता, एवढंच. आता येताना समोरचे दोन दात विसरून आला, त्याला कोण काय करणार!

रोज सकाळी पोरगी आली की अगाफिया तिच्यापुढे उकडलेलं सामन माशाचं डोकं ठेवायची. नवऱ्याला ते फार आवडायचं.

“अहो, डोळा राहिला की ताटात.”

“खाते ना, घाई काय आहे!” पोरगी अगदी त्याच्याच ठसक्यात म्हणायची. ते ऐकून म्हातारीचा सगळा दिवस बरा जायचा.

पहिला चिमिगाक गावचा दुरुस्तीवाला. माणूस सोन्यासारखा, पण खोड एकच आणि तीही भारी वाईट: तोंडातून ‘नाही’ निघायचंच नाही. कुणी फुटक्या काचेचा टीव्ही आणो, कुणी नदीत बुडालेला फोन आणो, याचं आपलं ठरलेलं, “ठेव, करून देतो.” काही काही करून दिलं, खोटं कशाला बोला. बाकी सगळं काठावरच्या शेडमध्ये साठत साठत पार छताला टेकलं. “अहो, एकदा तरी म्हणा ना, जमत नाही!” सांगून सांगून अगाफियाची जीभ झिजली. तो हसायचा आणि चहा मागायचा.

तो गेल्यावर अगाफिया धुक्याच्या सकाळी शेडच्या दारात बसायची. डोळे मिटले की आतली टीव्ही-रेडिओची सगळी बंद खोकी हळू आवाजात बोलू लागायची. कुठल्याशा जुन्या हिवाळ्यातलं हवामान, कुणाचं तरी खळखळून हसणं, आणि नदीवरून वायरलेसवर घरी विचारणारा एक ओळखीचा आवाज, चहा टाकलास का गं? नदी आणि आकाश एक होऊन जायचं, धुक्यात बदकं दिसेनाशी व्हायची, आणि ती तिथेच बसून राहायची.

पण नदी कुठे बसून होती! दर उन्हाळ्यात ती काठ खात होती. आता शेडच्या मागून कुत्रंसुद्धा जपून जायचं. शेड कोसळली की त्या खोक्यांमधलं शिसं-पारा सगळं पाण्यात जाणार, आणि गाव जगतं ते त्याच पाण्यातल्या माशांवर. त्या शरदात, नदी गोठायच्या आधीची शेवटची मालबोट आली. परत जाताना ती रिकामीच जाते, म्हणून बंद पडलेली यंत्रं फुकट नेणार होती. दूर शहरात ती सोडवून त्यातलं तांबं, काच वेगळी काढतात. अगाफियाची भाची फेक्ला गावचा उकिरडा सांभाळायची. त्या गावात घरोघर वायरलेस सदा चालू असतो, त्यावर ती घसा फोडून ओरडत होती, “अरे, आणा रे बाबांनो! घरात मेलेले टीव्ही काय पूजेला ठेवलेत?”

“आमचा चिमिगाककडे दुरुस्तीला आहे!” कुणीतरी उत्तर दिलं.

“आधी अगाफियाची शेड हलू दे, मग आमचंही आणतो!” दुसरं कुणी म्हणालं.

फेक्ला तणतणत मावशीकडे आली. “मावशी, उद्या बोट सुटणार. दे ना गं.”

“त्यांनी शब्द दिलाय लोकांना. मी उठून त्यांना खोटं पाडू?”

“आणि हे सगळं नदीत पडलं तर? पोरांना काय खायला घालायचं?”

अगाफियाला नदीची भीती वाटत होती, आणि नवऱ्याला गावापुढे उघडं पाडायची त्याहून जास्त. फेक्ला गेल्यावर ती एकटीच रडली.

सकाळी धप्प आवाज झाला आणि काठाचा मोठा तुकडा पाण्यात गेला. शेडच्या मागच्या भिंतीखाली आता नुसतं धुकं होतं. त्या धुक्यात कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला. फेक्ला धावत आली, तर अगाफिया पोरीचा हात धरून शेडच्या दाराशी आधीच उभी होती. तिने एक रेडिओ बाहेर आणून पोरीपुढे ठेवला आणि नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

“अहो, शब्द तुमचा. काय ते तुम्हीच सांगा.”

पोरीने मांडी घातली. जीभ बाहेर काढून स्क्रू फिरवले, झाकण उघडलं, आत डोकावली. एक तार ओढली, परत खोचली, फुंकर मारली. शेवटी पोरीने बाहीला नाक पुसलं.

“मला नाही जमत हे.”

“काय म्हणालात?”

“नाही जमत! हे पण नाही आणि आतले पण नाही. मेलेत सगळे. देऊन टाक.”

अगाफिया हसत सुटली, हसता हसता डोळ्यांना धार लागली. “अगं बाई, जन्म गेला हो माझा हे ऐकायला!”

मग ती घरात गेली. नवरा गेल्यापासून तिने वायरलेसला हात लावला नव्हता. आज लावला. “ऐका सगळ्यांनी. आमचे हे म्हणतायत, जमत नाही. राग मानू नका. आपापलं घेऊन बोटीवर पोचवा.”

मग म्हाताऱ्या एवनचा आवाज आला, “त्याला सांग, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! लेकाने माझा टीव्ही तेवढा अडकवून ठेवला!”

घराघरातून हसू फुटलं. जाड टायरच्या गाड्या धुक्यातून एकेक करत आल्या, आणि शेडमधलं नेता नेता लोकांनी घरातलंही काढलं. फेक्ला बोटीवर चढवता चढवता दमून गेली, आणि तिचं ओरडणं पहिल्यांदाच थांबलं.

बोट धुक्यात विरली. शेडमध्ये नुसता उजेड उरला होता. पोरगी अजून दारातच उभी होती, हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळाला आठ्या.

“आता मी काय करू?”

अगाफियाने तिच्या हातातून तो हळूच काढून घेतला. तिची टोपी सारखी केली, गालावरून हात फिरवला.

“काही नाही. झालं हो तुमचं सगळं. आता खेळायला जा.”