अर्लीनची कलमं

अर्लीन टटल बोलायला फटकळ, पण हातात कलमाचा चाकू आला की गप्प. अमेरिकेतल्या शॅम्प्लेन सरोवराकाठच्या सफरचंदांच्या बागेत ती सून म्हणून आली तेव्हा बाग कसली, नुसतं रान होतं. आजेसासऱ्यांच्या झाडांची आंबट फळं सफरचंदाची दारू गाळणारे सायडरवालेसुद्धा नाक मुरडत घ्यायचे. अर्लीननं दर वसंतात त्या जुन्या खुंटांवर गोड जातींची कलमं बांधली. आता फळं पिकली की शहरातून गाड्यांची रांग लागते.

आणि ऐन साठीत तिच्या नवऱ्याला, वेंडेलला, दुसरी भेटली! नवरा सोडून गेल्याचं अर्लीनला फारसं काही वाटलं नाही. घटस्फोटात बाग सोडायला मात्र ती तयार नव्हती.

"जमीन त्याला वारशानं आलीय, ती त्याचीच," तिची तरुण वकील प्रुइट म्हणाली. "पण लग्नानंतर तुमच्या कष्टानं तिची किंमत वाढली असेल, तर त्या वाढीत तुमचा वाटा. फक्त ते सिद्ध करावं लागेल."

"झाडं बघ की जाऊन! प्रत्येक बुंध्यावर माझी गाठ आहे."

"गाठीवर नाव नसतं, अर्लीनबाई."

कोर्टात वेंडेल साक्षीला उभा राहिला. त्याचा वकील केसलर यानं सगळं पढवून ठेवलं होतं.

"कलमं काय, तुमचे मजूरही बांधायचे. बरोबर?"

वेंडेलनं नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण हा पडला अस्सल बागवाला! घर बुडालं तरी चालेल, झाडाला नाव ठेवलेलं खपायचं नाही.

"मजूर?" तो भडकला. "मजुराचं कलम पहिल्याच वादळात मोडतं! माझ्या बागेत एकाच्याही हाती चाकू दिला नाही. सगळी कलमं अर्लीनची. तिचं कलम मेलेलं पंचक्रोशीत कुणी दाखवावंच!"

केसलरनं कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मिस्टर टटल, हे लिहून घेऊ ना?"

"खुशाल घ्या!"

निकाल लागला. जमीन वेंडेलची, पण वाढलेल्या किमतीत अर्लीनचा निम्मा वाटा. त्यापोटी सरोवराकडचा उतार झाडांसकट तिच्या नावावर झाला.

"जिंकलो की आपण!" पायऱ्या उतरताना प्रुइट म्हणाली. "मग रडताय कशाला?"

अर्लीननं बाहीनं डोळे पुसले.

"अगं, तीस वर्षांत मेल्यानं पहिल्यांदा माझं कौतुक केलं. तेही कोर्टानं शपथ घ्यायला लावली तेव्हा!"