मालनच्या पिवळ्या काचा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि देवापुढे हात जोडतानाही नाही. तिथंसुद्धा घाईघाईने दुसरंच काहीतरी पुटपुटून मी मोकळा होत आलो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. पण एकदम त्या गोष्टीवर येता येत नाही मला. जरा फिरून यावं लागेल.

मला बर्फाचं स्वप्न पडतं. वर्षातून चार-पाच वेळा तरी. सगळीकडे पांढरं, आभाळ कुठे संपलं आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळत नाही. आवाज नाही. मी चालतो आहे आणि पावलं उमटत नाहीत. मग हळूच साबणाचा वास येतो, निळीचा वास येतो, आणि माझ्या लक्षात येतं की हा बर्फ नाही. या सीना नदीच्या कोरड्या पात्रात वाळत घातलेल्या चादरी आहेत. दर वेळी हेच. माझ्या स्वप्नाला दुसरा बर्फ सापडतच नाही — कारण खरा बर्फ मी कधी पाहिलेलाच नाही.

हे एवढं वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आणि गुन्हा अजून पुढेच आहे.

मी फौजेत पाच वर्षं होतो, हे खरं. पठाणकोटला होतो, हेही खरं. पण होतो सामानाच्या गोदामात. वर पहाडात जाणाऱ्या जवानांचे बूट, लोकरीचे मोजे, बर्फातले चष्मे, सगळं माझ्या हातून जायचं. मी मात्र तिथेच. हिवाळ्यात एखाद्या स्वच्छ सकाळी गोदामाच्या गच्चीवरून लांब एक पांढरी रेघ दिसे, दोरीवर टाकलेल्या धोतराच्या काठासारखी. एकदा घरी पत्र लिहिताना कागद अर्धा कोराच राहिला आणि मी लिहून टाकलं — ‘इथे चहूकडे बर्फ आहे.’ का लिहिलं? माहीत नाही. कोरा कागद बघवला नाही, एवढंच आठवतं.

ते पत्र गावात पारावर वाचलं गेलं. रजेवर आलो की माणसं विचारायची आणि मी सांगायचो. वरून उतरलेल्या जवानांकडून ऐकलेलं सगळं माझं म्हणून सांगायचो. पुणतांब्याच्या एका बागायतदाराने ते ऐकलं आणि आपली थोरली मुलगी सुमन मला दिली. म्हणजे ते खोटं माझ्याबरोबर बोहल्यावर चढलं म्हणा ना.

फौज सोडून मी नागापूरच्या नव्या वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झालो आणि केडगावात बिऱ्हाड केलं. सुमनची धाकटी बहीण मालन नगरच्या कॉलेजात शिकायला आमच्याकडे राहिली. अंगात वारं भरलेली पोरगी! एन.सी.सी.त होती. केडगाव ते कॉलेज सायकल अशी हाणायची की टांगेवाले शिव्या घालायचे. तिला शाळेत व्यायामाची शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काहीही नाही, तेच.

बहात्तर सालच्या सुरुवातीची गोष्ट. पायाला लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत जायचा खेळ शिकवणारं एक शिबिर काश्मिरात होतं आणि सबंध कॉलेजातून मालन एकटी निवडली गेली. हे शिबिर नीट पार पडलं तर व्यायामशिक्षणाच्या कॉलेजात तुझी जागा पक्की समज, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. सासरे तयार नव्हते. पोरीच्या जातीने एवढ्या लांब? मग मी छाती पुढे काढून म्हणालो, “मामा, मी आहे ना. मी बर्फ पाहिलाय.” माझ्या शब्दावर त्यांनी हो म्हटलं. माझ्या — शब्दावर.

सामानाच्या यादीत चष्मा होता. उजेड बदलेल तशा बदलता येतील अशा काचांचा. जुन्या बाजारात मला रबरी कडांचा, गोल काचांचा एक मजबूत चष्मा मिळाला. काचा फिरकीने निघायच्या. तो घेऊन मी आणि मालन यासीनभाईंकडे गेलो. कापडबाजारामागच्या बोळात त्यांचं चष्म्यांचं लहानसं दुकान होतं. काच घासताना ते जीभ दातांत धरत. त्यांनी पुढ्यात तीन रंग मांडले: गडद हिरवा, चहासारखा तपकिरी आणि हळदीसारखा पिवळा. कुठला लावू, म्हणाले.

दुकानात आणखी दोघे-तिघे बसले होते. मी मोठ्याने म्हणालो, “बर्फात एकच रंग. गडद हिरवा. बाकी सगळी फॅशन.”

यासीनभाई नम्रपणे हसले. “साहेब, तुम्ही पाहिलंय, आम्ही न्हाई. पण उजेड कुठंबी गेला तरी त्याची खोड तीच असते. एकदा बघून तर घेऊ.”

कशावर बघायचं? नगरात पांढरं काय आहे? तर ते म्हणाले, सीनेत चला, परीट लष्कराच्या चादरी वाळवतात.

पहिल्या दिवशी भर दुपारचं ऊन होतं. पन्नास-साठ चादरी वाळूवर पसरलेल्या, बघवत नव्हतं. पिवळ्या काचांनी डोळ्यांतून पाणी आलं. हिरव्या लावल्या आणि डोळे निवले, जसं उन्हातून विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं. मालन म्हणाली, “दाजी, तुमचंच खरं हाय.” तिथे संपलं असतं तर?

पण चार दिवसांनी आभाळ आलं. मऊ, राखाडी, कडा नसलेलं. हरभरा ऐन घाट्यांत होता आणि लोक अळी पडेल म्हणून हळहळत होते. यासीनभाई दुकानाला कुलूप लावून आमच्या दारात हजर. आम्ही पुन्हा सीनेत उतरलो. चादरींवर आज चमक नव्हती. सावलीच नव्हती कुठे. मालनने हिरव्या काचा लावल्या, चालू लागली, आणि एका चादरीखालचा दगड न दिसून तोंडघशी पडली.

“अगं ए बया!” परटीण ओरडली. “लष्कराच्या हायेत त्या, तुझ्या सासरच्या न्हाईत लोळायला!”

मालन चादरीवरच बसून हसत सुटली. “आवं मावशी, दिसलंच न्हाई. सगळं सपाट वाटलं.”

“ढगात काळी काच म्हणजे घरात छत्री,” यासीनभाई म्हणाले, आणि पिवळ्या काचा लावून चष्मा माझ्या हातात दिला.

मी तो लावला. आता नीट ऐका. मला दिसलं. प्रत्येक चादरीची प्रत्येक चुणी दिसली, खालचा खडा न् खडा दिसला, वाळूच्या लाटा दिसल्या. राखाडी दिवसाला कुणीतरी आतून दिवा लावावा तसं ते पात्र उजळलं होतं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. इतकं सुंदर मी फार थोडं पाहिलं आहे. आणि चष्मा काढून मी म्हणालो — “चादर वेगळी, बर्फ वेगळा.”

यासीनभाईंनी वाद घातला नाही. दोन्ही जोड्या मात्र घासून दिल्या, मालनच्या हातात. “बेटी, ऊन असलं की हिरव्या. आभाळ आलं की पिवळ्या. विसरू नको.” सुमनने पिवळ्या काचांसाठी खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली, नाडीची.

इथवर मी फक्त फुशारक्या मारणारा माणूस होतो. असे पुष्कळ असतात.

पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. तिथे आभाळ आलं आणि मालनने पिवळ्या काचा लावल्या तर? तिला स्वच्छ दिसेल. ती परत येऊन हसत हसत सांगेल, दाजी, यासीनभाईंचंच खरं निघालं. मग कुणीतरी विचारेल, मग हे तिथे पाच वर्षं काय बघत होते? सासरे विचारतील. सुमन विचारणार नाही, नुसती बघेल. त्या बघण्याची मला भीती वाटली.

निघायच्या दिवशी दुपारी मालन शिबिराचं पत्र आणायला कॉलेजात गेली होती. सुमन चुलीपाशी दशम्या करत होती. बाहेरच्या खोलीत लोखंडी ट्रंक उघडीच होती. पिशवी कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मालनने माझ्यादेखतच ती लाल स्वेटरच्या बाहीत सारली होती, फुटू नये म्हणून. मी बाहीत हात घातला. लोकर उबदार होती. पिशवी काढली, खिशात टाकली, बाही पुन्हा होती तशी दुमडली. किती वेळ लागला असेल? एक दशमी उलटायला लागतो तेवढा.

स्टेशनवर ती पाया पडायला वाकली. मी तिला उठवायला वाकलो आणि खिशात काचेवर काच आपटली. टिक. तिने वर पाहिलं. “काय हो दाजी?” “काही नाही, किल्ल्या,” म्हणालो. गाडी हलली. पुढे पुणतांब्याला सासरे भाकरीचं गाठोडं घेऊन फलाटावर उभे राहणार होते.

तिसऱ्या आठवड्यात शिबिरातून तार आली, मालन पडल्याची. महिन्याभराने मालन परतली ती पायाला प्लास्टर घालून. केडगावच्या घरात खाटेवर पडून तिने सगळं सांगितलं. सकाळी ऊन होतं, हिरव्या काचांनी झकास चाललं होतं. दुपारी ढग खाली उतरले. बाकीच्यांनी काचा बदलल्या. हिने पाठीवरच्या सॅकमधल्या, तोवर घडीही न मोडलेल्या लाल स्वेटरची बाही चाचपली, सॅक उलटीपालटी केली. चष्मा काढून पाहिला तर वाऱ्याबरोबर बर्फाचे कण डोळ्यांत जायचे. पुन्हा लावला. पुढे एक लवण होतं, उतारातला खोलगा. सगळ्यांना दिसलं. हिला दिसलं नाही.

“सगळं दूध हो दाजी,” ती छताकडे बघत म्हणाली. “वर दूध, खाली दूध. मी दुधात पडले आन् गुडघा तेवढा कुठंतरी टणक जागी आपटला. तुमाला काय सांगू, तुमी तर बघितलंय.”

मी मान हलवली. कल्पना करा — मी मान हलवली!

मग ती सुमनला म्हणाली, “ताई, मी बाहीत ठेवली हुती ना गं? मला चांगलं आठवतंय.” सुमनने घर पालथं घातलं. फळीवरचे डबे, पिंप, गाद्यांखाली, सगळीकडे. मीही शोधलं. हो, मीही. आणि मग मी म्हणालो, अगदी मायेने म्हणालो, “घाईत माणसाला वाटतं ठेवलं म्हणून. होतं असं.”

मालनने प्लास्टरवरचं पांघरूण सारखं केलं. म्हणाली, “मग मीच विसरले असन.”

तो गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. व्यायामाच्या कॉलेजात धावण्याच्या चाचणीला ती पहिल्याच फेरीत थांबली. पुढे लग्न झालं, पुणतांब्यातच. आता ती बालवाडी चालवते. पोरांच्या पंगतीत खाली बसता येत नाही, म्हणून स्टूल घेऊन बसते.

पण गुडघ्याबद्दल मी एवढी वर्षं कसंबसं स्वतःला समजावत आलो होतो — हिरव्या काचा काय, पिवळ्या काय, पडायचंच असेल तर माणूस पडतं. समजावता आलं नाही ते दुसरंच. त्या दिवसापासून मालनचा स्वतःवरचा विश्वास गेला. सायकल हाणणारी ती पोरगी कुलूप तीनदा ओढून बघायला लागली. पदराला गाठी मारायला लागली. गॅस बंद केला का, म्हणून निम्म्या वाटेवरून परत फिरायची. घरात तिचं नावच पडलं, विसराळू मावशी. लग्नकार्यात तिच्यावरून चेष्टा चालते, आणि तीच सगळ्यांत मोठ्याने हसते. मीही हसत आलो. वीस-बावीस वर्षं.

यासीनभाईंना मी सांगितलं होतं, पिशवी प्रवासात हरवली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि घासायला दुसरी काच घेतली. ते आता नाहीत.

गेल्या महिन्यात मालनची मुलगी कॉलेजच्या सहलीला निघाली होती. आम्ही पुणतांब्याला तिच्या घरीच होतो. मालनने तिची बॅग भरली, सोडली, पुन्हा भरली. मुलगी वैतागली, “आई, पुरे ना गं!” तर मालन म्हणाली, “माझ्यावर गेली असशील तर? माझ्या डोक्याला भोक हाय बाई. त्या भोकातनं माझं समदं आयुष्य सांडलं.” सगळे हसले. मी हसायला तोंड उघडलं, आणि या खेपेला ते तसंच उघडं राहिलं.

त्या काचा माझ्याकडे आहेत. फौजेतल्या ट्रंकेत, जुन्या गणवेशाखाली. आज आभाळ आहे. मघाशी एक काच डोळ्याला लावून अंगणात पाहिलं. दोरीवर सुमनने चादर टाकली आहे, तिची चुणी न् चुणी दिसली.

दुपारच्या गाडीने पुणतांब्याला निघतो आहे. पिशवी खिशात घेतली आहे. सुमनला जेवताना सांगितलं. ती नुसती बघत राहिली. ज्या बघण्याला मी भ्यालो होतो, तेच ते. तिथे गेल्यावर मालन काय म्हणेल ते तिने म्हणावं. मला फक्त एवढं सांगायचं आहे, तिला, आणि तिच्या मुलीदेखत: पिशवी लाल स्वेटरच्या उजव्या बाहीत होती. ती मी काढली. मालन काहीही विसरली नव्हती.