दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही आणि या गोष्टीचा त्याला नको इतका अभिमान आहे. बँकेच्या पार्टीत तो लिंबूपाण्याचा ग्लास असा उंच धरून उभा राहतो, की कोपऱ्यातल्या माणसालाही कळावं. त्यामुळे वार्षिक तपासणीत सोनोग्राफीच्या रिपोर्टावर 'फॅटी लिव्हर' आलं तेव्हा तो घाबरला नाही, चिडला. "मला? लिव्हर?" एवढंच म्हणत राहिला.

मधुमेह त्याला बरीच वर्षं आहे. त्याची लाज नव्हती; आमच्याकडे तो कुणाला नाही? पण लिव्हर म्हटलं की लोकांना बाटली दिसते. कोलकात्यात बदली होऊन आलेली आम्ही मराठी कुटुंबं मोजकी, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. इथे गणपतीच्या आरतीला कुणी कुजबुजलं की दुसऱ्या दिवशी साताऱ्यात दिराला कळणार, आणि सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणणार, पोरगं बंगालात जाऊन प्यायला लागलं. डॉक्टरही पहिला प्रश्न पिण्याचाच विचारणार. म्हणून याने डॉक्टरकडे जायचंच नाही असं ठरवून टाकलं. मी खूप डोकेफोड केली. "शुगर गोळीवर नीट आहे, मग कशाला?" हे त्याचं उत्तर ठरलेलं.

त्याचं ऑफिस एस्प्लनेडला. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मी तिकडे जाते आणि आम्ही दोघं चालत मेट्रोपर्यंत येतो. त्या हिवाळ्यात तो फुटपाथवरच्या दुकानांपाशी थांबायला लागला. आधी मोजे, मग मोबाइलची कव्हरं, मग नेलकटर. भाव विचारायचा, घासाघीस करायचा आणि काही न घेता पुढे निघायचा. मला आधी गंमतच वाटली. या माणसाच्या बनियनीसुद्धा मी आणते. लग्नाचा शालू घ्यायच्या वेळी तो दुकानाबाहेर पेपर वाचत बसला होता. म्हटलं, वय झालं की शौक येतात.

मग एकदा तो बायकांच्या केसांच्या क्लिपांसमोर थांबला. विक्रेता एकेक क्लिप दाखवत होता आणि हा मान डोलावत होता, पण बघत कुठेच नव्हता. जानेवारीतल्या त्या गारव्यात त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी त्याचा दंड धरला.

"काय होतंय?"

"काही नाही. गॅस." हा शब्द त्याला इथल्या सहकाऱ्यांनी शिकवला होता. या शहरात गळ्यापासून कमरेपर्यंत कुठेही दुखलं तरी गॅसच असतो.

त्या दिवसानंतर मी त्याच्याकडे चोरून बघायला लागले. जिना चढून आल्यावर तो दारातच बुटांची लेस सोडवत किती वेळ बसतो, हे बघायचं. आंघोळीला उशीर झाला की बाहेरून काहीतरी विचारायचं, म्हणजे आवाज येईल. संध्याकाळी फोन वाजला की पहिल्या रिंगलाच उचलायचा. विचारलं असतं तर त्याने पुन्हा गॅसच सांगितला असता.

शेवटी मी थाप मारली. मला चक्कर येते, हॉस्पिटलमध्ये सोबत चल, म्हणाले. लगेच रजा टाकून आला बिचारा. डॉक्टरांसमोर बसल्यावर मी पर्समधून त्याचा रिपोर्ट काढला. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी नजर वळवली.

डॉक्टर वयस्कर, बंगाली. आमच्याशी हिंदीत बोलत होते. पहिला प्रश्न तोच आला. "ड्रिंक करते हैं?"

"जिंदगी में कभी नहीं," नवरा ताठ होऊन म्हणाला.

"अच्छी बात है. लेकिन ये चर्बी शराब के बिना भी आती है, शुगर वालों में तो बहुत." मग त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "लिवर और शुगर दोनों साथ हों तो मुझे पहले दिल की फिक्र होती है. चलते-चलते रुकना पड़ता है?"

"बिलकुल नहीं."

"रुकते हैं," मी म्हणाले. "हर दुकान पर रुकते हैं."

तो माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "मी वस्तू बघत असतो."

"तू? वस्तू? क्लिपा घालणार होतास?"

डॉक्टर हसले नाहीत. शुगरवाल्यांना छातीत दुखतंच असं नाही, दम लागणं आणि घाम हीच खूण असू शकते, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे ईसीजी काढायला पाठवलं. पट्टी हातात आल्यावर ते ती बराच वेळ बघत होते. मग घरी जायचं नाही, आत्ताच ॲडमिट व्हायचं, उद्या अँजिओग्राफी, असं सांगून त्यांनी फोन उचलला.

वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला. नवरा चिडणार हे मला माहीतच होतं. चांगला धडधाकट माणूस आहे मी, असं म्हणून तो चालायला लागणार, कॉरिडॉरभर वाद घालणार. त्याच्याशी भांडायला मी पदर खोचूनच उभी होते. निदान त्या भांडणात दोन मिनिटं तरी नेहमीसारखी गेली असती.

पण तो दोन्ही हातांनी दांड्या धरून हळूच खुर्चीत बसला आणि पाय उचलून वर ठेवले. त्याला सगळं कधीचंच माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.